विमान क्र. ७४३ पुसल्याबाबत

उन्मेष धुरीच्या विमानाला पहिलं बक्षीस मिळालं.

मिळालं नाही, असं समजू. धुरींच्या घरात गेले चौदा महिने तसंच समजतात. बक्षिसाचा पितळी चषक खिडकीत आहे, पण त्यात उन्मेषची आई कपड्यांचे चिमटे ठेवते, आणि कुणी विचारलं तर 'चिमट्यांचं भांडं' म्हणते. तेव्हा बक्षीस नाही, चषक नाही, स्पर्धाही झालेली नाही. आहे ती नायगावच्या बीडीडी चाळीची गॅलरी, साडीवर वाळत घातलेले उडदाचे पापड आणि शेजारच्या लतिकाकाकूंचा आवाज.

"उन्म्या! माझे पापड राखाडी कशाने झाले रे?"

उन्मेष गॅलरीच्या टोकाला, तोंडाला मास्क लावून, एका विमानावर फवारणी करत होता. वारा परळकडून होता. पापड माटुंग्याच्या बाजूला होते.

"काकू, प्रायमर आहे तो."

"खायचा असतो का?"

"नाही. पण त्याच्यावर रंग छान बसतो."

"मग आता रंगव सगळे. एकशेवीस आहेत," असं म्हणून काकू आत गेल्या आणि पुढचे चार दिवस त्यांनी धुरींकडचं विरजण नाकारलं.

उन्मेष छत्तीस वर्षांचा होता. परळच्या एका सरकारी कार्यालयात तो जावक कारकून होता, म्हणजे कार्यालयातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर क्रमांक टाकून ते रवाना करणं हे त्याचं काम. त्याच्या टेबलावर पत्र कधी दुसऱ्या दिवसापर्यंत राहिलं नाही. साहेब नव्या लोकांना त्याचं टेबल दाखवायला आणत. किल्ला दाखवावा तसं. लग्न झालेलं नव्हतं. एकशेसाठ चौरस फुटांत आई, वडील आणि एक सुपरसॉनिक लढाऊ विमान होतं, आणि येणाऱ्या मुलीने नेमकं कुठे बसायचं हे त्याला कुठल्याच स्थळाला समजावून सांगता आलं नव्हतं.

विमान मिग होतं. खऱ्याच्या अठ्ठेचाळीसाव्या हिश्श्याचं. नाकापासून शेपटीपर्यंत एक फुटाहून थोडं कमी. याआधी त्याने अकरा विमानं केली होती आणि ती सगळी माळ्यावर, आईच्या पुरणयंत्रामागे, खोक्यांत उभी होती. पण हे बारावं वेगळं होतं, कारण हे त्याच्या वडिलांचं होतं.

गुणाजी धुरी हवाई दलात वीस वर्षं फिटर होते. विमान उडवणं हे त्यांचं काम नव्हतं. ते उडण्यालायक ठेवणं हे होतं. लोक विचारत, "काका, म्हणजे पायलट का?" गुणाजी "नाही" म्हणत आणि संभाषण संपे. चौथीत असताना उन्मेषने 'माझे वडील' या निबंधात ते पायलट असल्याचं लिहिलं होतं. बाईंनी 'छान' असा शेरा मारला आणि खाली पालकांची सही मागितली. गुणाजींनी निबंध दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि सही केली. रागात हिंदी, मायेत मालवणी आणि बाकी वेळ गप्प, असे ते गृहस्थ होते.

त्यांच्या वीस वर्षांतली सात वर्षं एकाच विमानावर गेली. शेपटीवरच्या क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे सात-चार-तीन. रंग नसलेलं, नुसत्या चांदीसारख्या पत्र्याचं विमान. त्या पत्र्यात बघून आपण दाढी केलेली आहे, असं ते एकदा म्हणाले होते. उन्मेषने तेव्हा 'हो का' म्हटलं होतं.

गेल्या वर्षी मात्र माटुंग्याच्या एका शाळेच्या हॉलमध्ये मॉडेलवाल्यांची स्पर्धा होती, आणि उन्मेषने सात-चार-तीन करायचं ठरवलं. बाबांच्या पंचाहत्तरीला बाबांचं विमान. कल्पना इतकी चांगली होती की ती बाबांना सांगायची राहून गेली. सलग तीन संध्याकाळी समोर पंख चिकटवले जाताना बघून गुणाजींना ती आपोआप कळली. चौथ्या संध्याकाळपासून ते स्टूल ओढून जवळ बसू लागले.

"उजव्या चाकाची झडप येगळ्या रंगाची होती," पाचव्या संध्याकाळी ते म्हणाले.

"नाही बाबा. रेफरन्समध्ये दोन्ही सारख्याच आहेत."

"रेफरन्स म्हंजे कोण?"

"कोण नाही. फोटो असतात. पुस्तकं असतात. जगभरातली माणसं त्याच्यावर अभ्यास करतात."

"त्यांतलो कोण होतो थंय?"

"तसं नसतं ते, बाबा."

"सात-चार-तीनची झडप तुटली होती. मी तीन-शून्य-नऊची काढून लावलंय. ती जुनी, काळपट."

"पण परीक्षक पुरावा मागतात. पुरावा काय देऊ?"

गुणाजींनी यावर विचार केला. पुरावा पंचाहत्तर वर्षांचा होता, स्टुलावर बसला होता आणि त्याने बंडी घातली होती. पण तो नेटवर नव्हता. झडपा सारख्या रंगल्या.

तरी ते रोज बसत. कधी एखादं वाक्य बोलत. वीस वर्षांच्या नोकरीबद्दल उन्मेषला जे काही कळलं ते त्या दोन महिन्यांत, अर्धं ऐकून. एका संध्याकाळी ते फॉर्मबद्दल बोलले. कागदाचा विषय असल्याने कारकुनाने मान वर केली.

"सकाळी विमान तपासायचां. पुसायचां. मगे फॉर्मवर माझी सही. त्याच्या खाली पायलटची सही. त्याची सही पडली की विमान त्याचां. तवसर माझां."

"आणि पायलटने सही केलीच नाही तर?"

"मगे काय? माझांच."

"चांगली पद्धत आहे," उन्मेष म्हणाला. "आमच्याकडे पोच घेतात तसं."

"व्हय. पण तुमचां पत्र पडणा नाय खाली," गुणाजी म्हणाले आणि बापलेक दोघेही हसले. हे नोंदवून ठेवायला हवं, कारण पुढे तशी वेळ आली नाही.

मे महिना उजाडला, विमान चंदेरी झालं, आणि मग उन्मेष वेदरिंगला लागला.

वेदरिंग म्हणजे काय, हे इथे सांगितलं पाहिजे, कारण सगळा घोटाळा तिथे आहे. कोरं करकरीत मॉडेल खेळण्यासारखं दिसतं. म्हणून ते खरं वाटावं यासाठी, अत्यंत स्वच्छ हातांनी, तीन केसांच्या ब्रशाने, भिंग लावून ते मळवायचं. पत्र्यांच्या सांध्यांतून पातळ काळपट तेलरंग सोडायचा. पोटाखाली तेल गळल्याचे ओघळ काढायचे. पाय पडतात तिथला रंग उडवायचा. धुराची जागा काळी करायची. उन्मेषने त्यासाठी आईच्या तव्यामागची काजळी खरवडून घेतली. पन्नास वर्षांत त्या तव्याकडे इतक्या आस्थेने कुणी बघितलं नव्हतं. आईने, रखमाबाईंनी, हेही बोलून दाखवलं.

हा मळ सुकायला दोन दिवस लागतात. मग वरून वार्निशचा हात दिला की तो कायमचा. रविवारी स्पर्धा. उन्मेषने बुधवारी रात्री शेवटचा ओघळ काढला, विमान खिडकीतल्या फळीवर वर्तमानपत्रावर ठेवलं, आणि शुक्रवारी संध्याकाळी वार्निश मारायचं ठरवून तो शुक्रवारी कामावर गेला. 'हात लावू नका' असं सांगायला तो विसरला नाही. आईला सांगितलं. बाबांना सांगण्याची गरज त्याला वाटली नाही. बाबा काय, विमानातले.

शुक्रवारी सव्वासहाला तो घरी आला तेव्हा विमान चकाकत होतं.

शेजारी स्टुलावर गुणाजी ताठ बसले होते. बाह्या वर. हातात बंडीचं मऊ फडकं, नीट चौपदरी. उन्मेषचीच टर्पेंटाइनची बाटली, झाकण घट्ट लावून, फळीच्या कडेला. चेहऱ्यावर असा भाव, की कधी नव्हे तो मुलगा वेळेवर आलाय.

"ये. बघ," ते म्हणाले.

"बाबा... हे कोणी..."

"लय मळलां होतां. तुका वेळ नाय, कामावर जातंस. म्हटलां, आपण करूया. परवा चार लोकांत न्यायचां ना? असलां घाणेरडां घेवन गेलो असतंस तर लोक काय म्हणतीत? ह्याका फिटर नव्हतो काय?"

उन्मेषने विमान उचललं. ओघळ गेले होते. पंखांवरची धूळ गेली होती. सांध्यांमध्ये खोलवर तेवढी काळी रेघ उरली होती आणि पत्र्यावर फडक्याचे पुसट, लांबट फटके. फक्त शेपटीच्या वरच्या अर्ध्यावर त्याने काढलेला मळ जसाच्या तसा होता.

"मी मळवलं होतं ते! मुद्दाम!"

"मुद्दाम?" गुणाजींना शब्द नवा नव्हता, त्याची जागा नवी होती. "विमान मुद्दाम कित्याक मळवतत?"

"ह्या घरात मुद्दाम मळवतात हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं," आतून आई म्हणाली. "आज कबूल केलं एवढंच."

"आई, तू गप्प बस. दोन महिने, बाबा! दोन महिने मी डोळे फोडले. आणि पुसायचंच होतं तर सगळं तरी पुसायचं! ही शेपटी वर अशी का सोडलीत?"

"थंय हात नाय पोचणा," गुणाजी म्हणाले. "शिडी लागता."

शेपटी फळीपासून चार बोटं उंच होती. उन्मेषने वडिलांकडे बघितलं. हे वय झाल्याचं लक्षण आहे, असं त्याला त्या क्षणी वाटलं, आणि वय झालेल्या माणसावर ओरडू नये हे त्याच क्षणी सुचायला हवं होतं. सुचलं ते दुसरंच.

"तुम्हाला काय कळतं विमानातलं? आयुष्यभर फडकंच तर मारलंत!"

गॅलरीत लतिकाकाकूंनी रेडिओचा आवाज कमी केला.

गुणाजींनी फडक्याकडे बघितलं. ते चौपदरी होतं, त्याची आठपदरी घडी केली आणि खिशात ठेवली.

"व्हय," ते म्हणाले. आणि बाह्या खाली करून, बटणं लावून, खाली पान आणायला गेले. ते पान खात नसत.

शनिवारी उन्मेषने स्पर्धेतून नाव काढायचं ठरवलं. त्याचा मित्र धम्मपाल समोरच्या चाळीत राहायचा. त्याला विमानांत काडीचा रस नव्हता, पण खोका आडवा न होऊ देता धरण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

"अरे, वेदरिंगच गेलंय. आता मळवायला वेळ नाही. मळवलं तर सुकणार नाही. काय दाखवू तिथे?"

"जेवण आहे का?"

"आहे."

"मग दाखवायचं काय ते जेवताना बघू. चल ना भावा, इस्त्री केलीये मी शर्टाला."

इस्त्री गुणाजींनीही केली होती. रविवारी सकाळी ते पांढरा शर्ट, कोट आणि पॉलिश केलेले बूट घालून दाराशी उभे होते. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी थांबवलं नाही. तिघे टॅक्सीने माटुंग्याला गेले. विमान धम्मपालच्या मांडीवर होतं.

हॉलमध्ये चाळीसेक टेबलं होती आणि प्रत्येकावर एकेक अत्यंत मेहनतीने घाण केलेलं यंत्र. रणगाड्यांना चिखल होता. जहाजांना गंज होता. विमानांतून इतकं तेल गळत होतं, की ती उडण्याऐवजी लवकरच तळली जातील असं वाटत होतं. गुणाजी हात मागे बांधून प्रत्येक टेबलापाशी थांबले आणि प्रत्येक टेबलापाशी त्यांनी हळूच, यांत्रिक सवयीने, आजूबाजूला फिटर कुठे दिसतो का ते बघितलं. मग सतराव्या, म्हणजे उन्मेषच्या, टेबलामागे भिंतीला खुर्च्या होत्या, त्यांतल्या एकीवर जाऊन बसले.

परीक्षक पुष्कर नावाचे होते. पुण्याहून आले होते आणि बोलायला लागले की तेही कळायचं. त्यांच्या गळ्यात भिंग होतं आणि हातात लहानशी बॅटरी. सोळा टेबलं त्यांनी 'हं' आणि 'हंऽ' यांवर निभावली. सतराव्यापाशी ते वाकले आणि वाकलेलेच राहिले. आपण आता बाद होणार, म्हणून उन्मेषने छताकडे बघितलं.

"हे... हे कसं केलंत तुम्ही?"

"कुठलं, सर?"

"सगळेजण विमान मळवतात हो. तुम्ही ते मळवून मग पुसलंय. हे बघा." बॅटरी पंखावरून फिरली. "सांध्यांत मळ खोल राहिलाय, आणि वरून फडकं फिरलंय. प्रत्येक फटका नाकाकडून शेपटीकडे. एकही उलटा नाही. कुणीतरी रोज सकाळी काळजीने पुसतं, असं विमान आहे हे. आणि ही शेपटी!" ते सरळ झाले. आवाज खाली गेला. "वरचा भाग तसाच सोडलाय. कारण जमिनीवर उभ्या माणसाचा हात तिथवर पोचत नाही. बरोबर? मी मनात मापून बघितलं. साडेपाच फुटांचा माणूस, हात वर करून. तिथेच रेघ थांबते. तुम्ही अठ्ठेचाळीसाव्या हिश्श्याच्या माणसाच्या हाताचा विचार केलाय!"

गुणाजी पाच फूट सहा इंच होते.

"कुठली टेक्निक आहे ही?" पुष्करनी विचारलं.

आता हे अगदी सोपं होतं. मागे तीन हातांवर खुर्ची होती. खुर्चीवर टेक्निक बसली होती, कोट घालून. मान वळवायची आणि बोट दाखवायचं. उन्मेष पुढे कित्येक वेळा ही मान वळवणार होता. मस्टरवर सही करताना, दादरला फुलं घेताना, दात घासताना. तेव्हा मात्र ती वळली नाही.

"माझी स्वतःचीच आहे, सर," तो म्हणाला. "बरेच महिने ट्रायल घेत होतो."

खोका धरून उभ्या असलेल्या धम्मपालने त्याच्याकडे बघितलं, मग विमानाकडे, मग जेवणाच्या दिशेला.

"अप्रतिम," पुष्कर म्हणाले, आणि जाता जाता त्यांचं खुर्चीकडे लक्ष गेलं. "काका, आपण? आपणही मॉडेल आणलंय का?"

गुणाजी उभे राहिले. मोठ्या साहेबांसमोर उभे राहत तसे, बुटांच्या टाचा जुळवून.

"नाही सर," ते शुद्ध मराठीत म्हणाले. "मी ह्याच्याबरोबर आलोय."

परतताना टॅक्सीत चषक गुणाजींच्या मांडीवर होता. खोदादाद सर्कलचा सिग्नल लाल होता. गुणाजींनी चषकावर अंगठा फिरवला, फिरवला आणि मग खिशातून घडी घातलेलं फडकं काढून तो जरासा पुसला. वरपासून खालपर्यंत, एकाच दिशेने.

"शिडी नव्हती म्हणान गावलां रे," ते म्हणाले.

इतकी स्वस्त माफी कुठल्याही मुलाला कुठल्याही बापाने देऊ केलेली नसेल. नुसतं हसायचं होतं. 'तुमचंच आहे हो' एवढं म्हणायचं होतं. त्या दिवसाचं सगळं, शुक्रवारचं आणि चौथीतल्या निबंधाचंही, एका हसण्यात वळतं झालं असतं.

"पुढून लेफ्ट घ्या," उन्मेष टॅक्सीवाल्याला म्हणाला.

रविवारी सांगू, असं त्याने ठरवलं. निवांत, पोह्यांनंतर. त्या रविवारी पाहुणे आले. पुढच्या रविवारी सांगू. पुढच्या रविवारी गुणाजींना बरं नव्हतं, आणि बरं नसलेल्या माणसाशी असं काय बोलायचं? ज्या टेबलावर पत्र दुसऱ्या दिवशी शिल्लक राहत नसे, त्या टेबलाच्या मालकाकडे एक वाक्य अठरा दिवस पडून राहिलं. एकोणिसाव्या दिवशी दुपारी चार वाजता गुणाजी गॅलरीत स्टुलावर बसले होते. हातात चहा होता. लतिकाकाकू त्यांना म्हणाल्या, "भावजी, चहा निवला की." त्या दोनदा म्हणाल्या. मग काकूंनीच त्यांच्या हातातली बशी काढून खाली ठेवली आणि रखमाबाईंना हाक मारली.

तेराव्याला पानांवर पापड होते. काकूंनी स्वतः तळून आणले. एका बाजूने राखाडी होते. सगळ्यांनी खाल्ले.

त्यानंतर विमान खोक्यात गेलं आणि खोका माळ्यावर. उन्मेषने पुन्हा विमान केलं नाही. चषक आईने चिमट्यांना घेतला, आणि घरात बक्षीस मिळालेलं नाही असं समजायची पद्धत पडली.

या वर्षी चाळ रिकामी करायची नोटीस आली. जुन्या चाळी पडणार, टॉवर उभे राहणार, तोवर संक्रमण शिबिरात बारावा मजला. पंचावन्न वर्षांचं घर गाठोड्यांत बांधायला दोन सुट्ट्या पुरल्या. माळ्यावरून पुरणयंत्र निघालं, त्यामागून बारा खोकी.

"काय काय न्यायचंय ह्यातलं?" धम्मपालने विचारलं. खोकी धरायला तोच आला होता.

"अकरा देऊन टाक कुणाला."

बारावा खोका उन्मेषने उघडला. विमान व्यवस्थित होतं. त्याखाली जोडणीच्या कृतीचा मोठा घडीचा कागद होता; कुठला भाग कुठे चिकटवायचा त्याच्या आकृत्यांचा. विमान चिकटवून झाल्यावर तो कागद कुणी उघडत नाही. आज खोक्याचा तळ झटकायचा म्हणून उघडला. मागच्या कोऱ्या बाजूवर पट्टीने रेघा मारलेल्या होत्या. खाली पेन्सिलीने, ठळक आणि सरळ, शाळेच्या फळ्यावर लिहावं तसं:

विमान क्र. ७४३. शुक्रवार, १६१० वाजता.
नाक ते शेपटी पुसले.
काच साफ.
चाके ठीक.
उजव्या चाकाची झडप — रेफरन्सप्रमाणे.
शेपटीचा वरचा भाग बाकी. शिडी नाही.
विमान तयार.
देणार: सार्जंट गु. रा. धुरी
घेणार:

'घेणार'च्या पुढे रेघ होती. रेघेवर काही नव्हतं. सव्वासहाला येणाऱ्या माणसासाठी ती पाच वाजण्याच्या आत आखून ठेवलेली असणार.

धम्मपालने खांद्यावरून वाचलं.

"रेफरन्सप्रमाणे," तो म्हणाला. "म्हातारा बेरकी होता रे."

"हो."

"पेन देऊ?"

उन्मेषने नकारार्थी मान हलवली. कारकून माणूस, तारीख उलटून गेलेल्या कागदावर अशी मागून सही ठोकता येत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? त्याला पद्धत असते. आधी अर्ज करावा लागतो.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत, टेबलावर बाकी काहीही शिल्लक नसताना, त्याने कोरा कागद घेतला. जावक नोंदवहीत क्रमांक टाकला. पत्त्याच्या रकान्यात पेन बराच वेळ थांबलं, मग त्याने तिथे 'समक्ष' असं लिहिलं. अर्ज नोंदवहीत अजून तसाच आहे. त्या टेबलावरून रवाना न झालेलं ते एकमेव पत्र.

प्रति,
सार्जंट गुणाजी रामा धुरी (निवृत्त),
फिटर, विमान क्र. ७४३.

विषय: विमान ताब्यात घेतल्याची सही करण्यास झालेला विलंब क्षमापित करणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की, आपण सदर विमान शुक्रवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी पुसून तयार ठेवले होते. अर्जदाराने त्याच सायंकाळी तपासून सही करणे आवश्यक असताना अर्जदार ओरडला. त्यावेळी अर्जदाराने आपल्या कामासंबंधी काढलेले उद्गार वस्तुस्थितीस धरून नव्हते. तसेच पुढील रविवारी परीक्षकांना पुरविलेली माहिती चुकीची असून, सदर तंत्र अर्जदाराचे नाही. इयत्ता चौथीतील निबंधाबाबतही हेच समजावे.

उजव्या चाकाची झडप काळपट करून घेण्यात आली आहे. त्यासाठी कोणताही पुरावा मागण्यात आलेला नाही.

अर्जदाराची सही होईपर्यंत नियमाप्रमाणे विमान आपलेच आहे.

शेपटीचा वरचा भाग अद्याप बाकी आहे. शिडीची व्यवस्था अर्जदार करील व ती खालून धरील. तरी विलंब क्षमापित करून, आपल्या सोयीच्या कोणत्याही दिवशी, फडक्यासह समक्ष उपस्थित राहून विमान अर्जदाराच्या हाती द्यावे, ही नम्र विनंती.